आत उघडणारं दार

बातमी आली तो दिवस साधा होता. संक्रांतीची कर. करीला कोणी नवं काम हाती घेत नाही, म्हणून कामरगाव जरा सुस्तच होतं. जगदेव अंगणात गाडीच्या आखाला वंगण देत बसला होता. दुपार कलली असेल-नसेल, तोच गावाबाहेरच्या कापसाच्या जीनचा भोंगा वाजला. अवेळी. जगदेवला वाटलं, कर म्हणून बायांना आज लवकर सोडलं. म्हणजे रंगू आता येईल आणि उंबऱ्याजवळ वंगणाचं डबडं पाहून ओरडेल. त्यानं डबडं उचलून कडेला ठेवलं, फडक्यानं उंबरा पुसला. भोंगा वाजतच होता. डाग निघाला नाही म्हणून तो पुन्हा पुसत होता, तेवढ्यात रस्त्यानं कोणीतरी ओरडत पळत गेलं.

"जीन पेटला... जीन पेटला रे!"

इथवर सांगून म्हातारे रामराव थांबले.

रात्र झाली होती. त्यांच्या खळ्यावर तांड्यावरची मंडळी मुक्कामाला उतरली होती. सकाळी उठून त्यांना धनजच्या जीनवर हंगामाच्या कामाला जायचं होतं. आल्या आल्या त्यांनी कडब्याच्या गंजीला लागून शेकोटी पेटवली, तर म्हाताऱ्यानं ती विझवायला लावली, वाऱ्याच्या खालच्या अंगाला दूर दुसरी पेटवायला लावली आणि स्वतः घागरभर पाणी आणून तिथं ठेवलं. ते पाहून बेबीबाई नावाची पोर फिदीफिदी हसली होती.

"बापू, तुमी आगीले लय भेता."

"आगीले कायले भेऊ, माय? मी माणसाइले भेतो." मग घोंगडी सावरत ते म्हणाले, "जगदेवचं आन माहं घर भितीले भीत लागून. हे त्यानं मले सांगतलं. शालिग्राम सुतारानं बी सांगतलं, येगळं, दुसऱ्या सालात. दोघाइचं जुळलं. म्हनून खरं म्हनतो."

"भुताची हाय का?" तांड्यावरच्या रूपलानं विचारलं. तो जरा पुढं सरकला.

"आयक आन तूच ठरव."

जगदेवची बायको रंगूबाई हंगामात जीनवर जायची. कपाशीतून सरकी वेगळी करणारी यंत्रं एका लांबलचक दालनात ओळीनं मांडलेली, आणि एकेका यंत्रासमोर एक बाई, ओंजळीनं कापूस घालणारी. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवयांवर, पापण्यांवर, कपाळावरच्या केसांवर रुईची बारीक पांढरी तूस बसलेली असे.

"पाहा वो, म्हातारी झाली मी एका दिवसात."

"जवान कधी होतीस तू?" जगदेव म्हणायचा.

"तुमच्या संगं लगन लागलं त्याच्या आदल्या दिसापर्यंत होती."

असं त्या दोघांचं चाले. पोरबाळ नव्हतं. बोलायला एकमेकांशिवाय कोणी नव्हतं, म्हणून बोलणं फार होतं.

त्या दालनाला दोन दारं. त्यातलं एक कायम बंद, कारण त्याच्यापुढं रुईचे बोजे रचलेले असत. दुसरं बायांचं. ते दार आधी सगळ्या दारांसारखं आत उघडायचं. मग कारखान्यांचा सरकारी इन्स्पेक्टर आला, त्यानं पाहिलं आणि सांगितलं, हे दार बाहेर उघडलं पाहिजे. आग लागली तर माणसं दाराकडे धावतात, आतून रेटा येतो, आणि आत उघडणारं दार त्या रेट्यानंच बंद राहतं. जीनच्या मालक शेटजींनी मान डोलावली. शालिग्राम सुतारानं दार फिरवलं. भिंतीवर लाल रंगाच्या बालट्या टांगल्या गेल्या, वाळूच्या आणि पाण्याच्या. इन्स्पेक्टर खूश होऊन गेला.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला शेटजी जीनवर आले, आणि ते दार त्यांच्या तोंडासमोर बाहेर उघडलं. त्यांना दोन पावलं मागं सरावं लागलं. शेटजींचा चेहरा पडला. लक्ष्मी घरात यायला निघते आणि तिच्या तोंडावर दार ढकलायचं? असं कोणाच्या घरी असतं? गोपीचंद मुनीमजी म्हणाले, हुकूम करा. त्याच आठवड्यात शालिग्रामनं दार पुन्हा फिरवलं. बालट्यांतलं पाणीही ओतून टाकलं, डास होतात म्हणून.

करीच्या दिवशी एका यंत्रात खडा गेला. ठिणगी उडाली. हवेत तूस होतीच.

जगदेव पोचला तेव्हा दारापाशी माणसं होती. तीही दाराला खांदे लावून रेटत होती, कारण दार आत उघडायचं होतं. आतून बाया तेच दार बाहेर रेटत होत्या. जगदेवनं खांदा लावला. "मांगं सरका!" तो ओरडत होता. "रंगू, मांगं सरक! साऱ्याइले मांगं सरकव!" कोण मागं सरकणार? मागं आग होती. इकडून नवरे, भाऊ, बाप जीव खाऊन आत ढकलत होते. तिकडून बाया जीव खाऊन बाहेर ढकलत होत्या. मध्ये तीन बोटं जाडीचं सागवान. खांद्याला तो रेटा लागत होता तोवर जगदेवला माहीत होतं, रंगू आहे. मग रेटा कमी झाला. मग दार सहज उघडलं.

रंगूबाई गेली. सोजरबाई, रामीबाई गेल्या, तांड्यावरची धनीबाई गेली, आणखी कितीतरी गेल्या.

बेबीबाई आता हसत नव्हती. रामरावांनी काडीनं विस्तव मागं ओढला.

"आता खरी गोष्ट सुरू होते," ते म्हणाले. "हे तं नुसतं घडलं होतं."

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला सरकारी माणसं आली, तेव्हा त्या जागी नवीन चौकट होती. रातोरात बसवलेली. नवीन दार, त्याला धूर लागलेला दिसावा म्हणून राखेचा हात फिरवलेला. ते दार बाहेर उघडत होतं. मुनीमजींनी सगळ्यांसमोर ते उघडून दाखवलं, मिटून दाखवलं.

"कायद्यानं होतं साहेब, सब कुछ कायद्यानं. बाया अडाणी. ढकलायचं सोडून आत ओढत बसल्या, त्याले कोन काय करन?"

मग चावडीत जबाबाला गाव बसलं, मुनीमजी जीनवरच थांबले होते. ज्यांनी दाराला खांदा लावला होता ते बसले होते. कोणी बोललं नाही. जीन पुन्हा सुरू व्हायचा होता, धनजला शेटजींचा दुसरा जीन उभा राहत होता, आणि हंगाम अजून उरला होता. जगदेव उठून म्हणाला, "दार आत उघडत होतं." तेव्हा शेजारच्यानं त्याचं धोतर ओढून त्याला खाली बसवलं. "दुःखात हाय बिचारा," कोणीतरी समजावल्यासारखं म्हणालं.

त्यानंतर जगदेव बोलेनासा झाला. रंगू परत येणार नाही हे त्याला कळत होतं. पण ती येडी होती, तिला दार ढकलायचं की ओढायचं एवढंही कळलं नाही, असं गावोगाव बोललं जात होतं. बाजारात त्यानं ते आपल्या कानांनी ऐकलं. सांगणारा हसत सांगत होता. जगदेवला एवढंच हवं होतं, की कोणीतरी, ज्याच्या बोलण्याला वजन आहे अशानं, मोठ्यानं म्हणावं: दार आत उघडत होतं. बायांनी बरोबर ढकललं.

पौषातली अवस आली. सन अडतीस. त्या रात्री जेवणवेळ टळल्यावर मुनीमजी स्वतः जगदेवच्या दारात आले. कंदील घेऊन.

"गाडी जुंप. एक लाकूड आहे, धनजले टाकायचं. रातोरात. शालिग्राम येईल संगं."

मग त्यांचं लक्ष जगदेवच्या डोक्याकडे गेलं. क्रियाकर्माला भादरलेलं डोकं, त्यावर नुकते खुंट उगवत होते.

"कोन्या देवाले जाऊन आला बे?" मुनीमजींनी विचारलं.

जगदेव त्यांच्याकडे बघत राहिला. मेलेल्या बायांमध्ये याची बायको होती हे मुनीमजींना माहीतच नव्हतं. त्यांनी नावं विचारली नव्हती.

"हो," जगदेव म्हणाला. "जुंपतो."

जीनच्या गोदामात सरकीच्या पोत्यांखालून ते लाकूड काढलं. चौकटीसकट दार. बाहेरची बाजू तशीच, तेलपाण्यानं चकाकणारी. आतली बाजू कोळसा. दोरानं बांधून, काळी बाजू खाली करून, कडब्यावर निजवलं. वर ताडपत्री टाकली. जाळून टाकायचं ते धनजला कशाला न्यायचं, असं शालिग्राम पुटपुटला, तेव्हा मुनीमजी म्हणाले, "सागवान आहे. रंधा मारला की निघतं काळं. नव्या जीनले बसव. उद्या कारंज्याहून इन्स्पेक्टर निघायच्या आत इथं काही दिसलं नाही पाहिजे."

गाडी निघाली. गावाची कुत्री मागं राहिली. दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्यांची उघडी वावरं, रस्त्यात पोटरीएवढा धुळीचा फुफाटा. थंडी पडली होती. शालिग्रामला गप्प बसवत नव्हतं.

"यंदा गारठा लय हाय नाई, जगदेव?"

जगदेव बैलांकडे पाहत राहिला.

"बैल चांगले हायत तुहे. पांढऱ्याचं वय काय असन?"

"शालिग्राम."

"हा."

"तुह्या घरचं दार कोनीकडे उघडते?"

शालिग्राम म्हणाला, "आत. साऱ्याइचंच आत उघडते. घराचं दार बाहेर उघडते का कोनाचं?"

"पन इन्स्पेक्टरनं तुले सांगतलं होतं ना, काहून बाहेर पाह्यजे ते?"

"सांगतलं होतं."

"मंग?"

"मंग काय? मी सुतार मानूस. सांगन तसं बसवतो." त्याचा आवाज चढला. "नाई म्हनलो असतो तं दुसऱ्यानं बसवलं असतं! मले मारून टाकतो का आता?"

"नाई," जगदेव म्हणाला. "तुले कारंज्याले नेतो."

शालिग्रामनं त्याच्याकडे पाहिलं. जगदेव समोर पाहत म्हणाला, "इन्स्पेक्टर साहेब डाकबंगल्यात हाय. पाहाटेपर्यंत पोचतो. हे दार त्याच्यापुढं टाकतो. जसंच्या तसं. तू बोल नाईतं मुका राह्य. दारच सांगन, कोनीकडे उघडत होतं ते."

"मुनीमजी माह्यं घर उठवतीन बाप्पा!"

"माह्यं उठलंच हाय."

पुढं वाट फुटत होती. एक फाटा धनजला, एक कारंज्याला. जगदेवनं कासरा कारंज्याकडे ओढला. बैल वळले. चार पावलं गेले.

आणि थांबले.

जगदेवनं जीभ टाळ्याला लावून आवाज केला. बैल हलले नाहीत. त्यांचे कान मागं वळले होते. गाडीकडे.

तेव्हा दोघांनी ऐकलं.

ताडपत्रीखाली लाकूड करकरलं.

"दोर सैल झाला असन," शालिग्राम म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

पुन्हा करकरलं. आता सावकाश. लांब. सुतार होता तो. लाकूड थंडीनं आवळताना कसं वाजतं आणि कोणी रेटल्यावर कसं वाजतं, हे त्याला कळत होतं. तो गाडीतून खाली उतरला. दूर जाऊन उभा राहिला.

जगदेवनं ताडपत्री बाजूला केली.

दार पालथं होतं. खाली कडबा. कडब्याखाली गाडीच्या फळ्या. फळ्यांखाली रस्ता.

आणि खालून... कोणीतरी रेटत होतं.

चौकटीत दार वर यायचं, अडायचं. पुन्हा वर यायचं. पुन्हा अडायचं. हाताच्या पंजांचा आवाज. सपाट. एकाचा नव्हे. अनेकांचा. बोलणं नाही. हाक नाही. त्या दिवशी आधी सगळं ओरडणं होतं, शेवटी फक्त एवढंच उरलं होतं, तेवढंच आता...

जगदेवनं तळहात दारावर टेकला.

रेटा हाताला लागला.

तो ओळखीचा होता.

"रंगू..." तो म्हणाला.

काही नाही. नुसता रेटा.

"शालिग्राम, इकडे ये."

"नाई..."

"ये. आडव्या दारातून कोन बाहेर येईन? उभं करायचं हाय."

ते दार त्या दोघांनी खाली कसं उतरवलं, हे पुढं दोघांनाही नीट सांगता आलं नाही. रस्त्याच्या कडेला बाभूळ होती. तिच्या बुंध्याला चौकट टेकवून दोरानं बांधली. कोळसा झालेली बाजू वावराकडे. चांगली बाजू रस्त्याकडे. जगदेवनं दाराचा दोर सोडला आणि खांदा लावून दार आत ढकललं, जसं त्या दिवशी ढकललं होतं.

उघडलं नाही.

पलीकडे वावर होतं. रिकामं. ताऱ्यांच्या उजेडात दिसत होतं. दाराच्या एका बाजूनं वाकून पाहिलं तर पऱ्हाट्या, काळी जमीन, आणखी पऱ्हाट्या. कोणी नव्हतं. आणि दार उघडत नव्हतं.

"मांगं सरक, रंगू... मी हाय... थोडंसं मांगं..."

रेटा वाढला.

जगदेवचं कपाळ दाराला टेकलं. त्याच्या तोंडून शिव्या निघायला लागल्या. शेटजीला, मुनीमाला, चावडीतल्या प्रत्येकाला नाव घेऊन, त्यांच्या लक्ष्मीला, तिच्या पावलांना. अवसेच्या रात्री उघड्या रस्त्यावर तो लक्ष्मीला शिव्या देत होता. शालिग्रामनं कान झाकून घेतले. मग हात काढले.

"जगदेव," तो म्हणाला. "ते आत उघडनारच नाई. त्या आतून ढकलून राह्यल्या. आपन बाहेरून. कितीबी येळ ढकललं तरी..." त्यानं बिजागरी चाचपली. "फिरवा लागन. दार अडवनारी पट्टी काढून पलीकडे ठोकतो. बिजागऱ्या फिरवतो. मंग बाहेर उघडन."

जगदेवनं मान वर केली.

"मंग साहेब काय पाहीन?"

शालिग्राम गाडीतून हत्यारांची पिशवी घेऊन आला.

"सांग ना. सकाळी साहेब काय पाहीन?"

"बाहेर उघडनारं दार."

पंजांचा आवाज. थांबत नव्हता. जगदेवच्या हातात जगात एवढी एकच गोष्ट होती. आत उघडणारं एक दार. ते गेलं की रंगू येडी ठरली ती कायमची. मुनीमजी खरे ठरले. सगळ्या येड्या ठरल्या...

रेटा येतच होता. आता थकलेला. शेवटच्या वेळेसारखा. थोडा कमी... आणखी थोडा...

"फिरव!" जगदेव ओरडला. "कमी होऊन राह्यला! फिरव लवकर!"

शालिग्रामनं हत्यारांची पिशवी रस्त्यात उपडी केली. पहिल्या बिजागरीचा पहिला स्क्रू त्यानं फिरवला, आणि आवाज थांबला.

एकदम.

रात्रभर इतकी शांतता त्यांनी ऐकली नव्हती. जणू आतल्यांना कळलं... जणू त्या थांबल्या आहेत. श्वास धरून. कोणीतरी बाहेर काम करतंय म्हणून.

शालिग्राम काम करत राहिला. पट्टी उपटली. उलट्या बाजूनं ठोकली. हातोडीचा प्रत्येक घाव दूरच्या वावरावर आपटून परत येत होता. तो रडत होता आणि ठोकत होता. जगदेवनं दार आपल्या अंगावर पेलून धरलं होतं. दार हलकं लागत होतं. फार हलकं.

"झालं," शालिग्राम म्हणाला.

जगदेवनं कडीला हात घातला.

ओढलं.

दार बाहेर उघडलं.

पलीकडे वावर. पऱ्हाट्या. अंधार.

काही नाही.

बैलांनी माना खाली घातल्या, आणि कोणी न हाकता गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. वाट द्यावी तशी. मग तेही शांत उभे राहिले.

जगदेव दार धरून उभा होता. तो वाट पाहत होता. काहीतरी शिवेल... एखादा शब्द... नुसती चाहूल... तो खूप वेळ उभा राहिला. काही आलं नाही. वारासुद्धा नाही.

"चाल," शेवटी शालिग्राम म्हणाला. "उजाडन."

"आता कारंज्याले जाऊन काय करायचं?" जगदेव म्हणाला.

"मी बोलतो."

अंधारातच त्यांनी दार पुन्हा गाडीत घातलं. खाली वाकून पाहायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

डाकबंगल्यावर साहेब चहा घेत होता. शालिग्राम आयुष्यात पहिल्यांदा साहेबापुढं बोलला, आणि सगळं बोलला. दिवाळीचं, लक्ष्मीचं, ओतून टाकलेल्या बालट्यांचं, रातोरात बसवलेल्या नव्या चौकटीचं. साहेबानं ऐकलं. तो वाईट माणूस नव्हता. उठून गाडीपाशी आला. दार उभं करायला लावलं. जळकी बाजू पाहिली. कडी धरून ओढली.

"हे तर बाहेर उघडतं."

"रात्री फिरवलं, साहेब."

"कोणी?"

"म्याच."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

शालिग्रामनं जगदेवकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. मग म्हणाला, "आतल्या बायाइच्या."

कारकून हसला. साहेब हसला नाही. त्यानं दोघांकडे पाहिलं, एकाचं डोकं भादरलेलं, एकाचे डोळे सुजलेले, आणि चहा निवतो म्हणून आत गेला. दुपारी तो कामरगावला आला. मुनीमजींनी नवं दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. टांगलेल्या बालट्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

रामराव बोलायचे थांबले. शेकोटीतला एक ओंडका ढासळला, तेव्हा सगळे दचकले.

"मंग तो साहेब काऊन नाई..." रूपला रागानं म्हणाला.

"मले नोको विचारू. मी बी त्या चावडीत होतो. सारे होते."

"आन त्या बाया?" बेबीबाईनं विचारलं. हळू. "त्या गेल्या का?"

रामरावांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

कारंज्याहून परत येताना ऊन वर आलं होतं. ती बाभूळ दिसली तसा जगदेवनं कासरा ओढला. फुफाट्यात पावलं होती. अनवाणी, बायांची. जिथं चौकट उभी होती तिथून सुरू झालेली, रस्त्यावर पसरलेली, पुढं कुठं वावरात, कुठं गावाच्या दिशेनं गेलेली. सगळी बाहेर जाणारी. आत येणारं एकही नव्हतं. चौकटीच्या पलीकडे, वावराच्या बाजूला, जमीन स्वच्छ होती. त्याच वाटेनं पहाटे गुरं गेली असणार, गाड्या गेल्या असणार. पण चाकोऱ्या तिथं आल्या की बाजूला वळलेल्या दिसत होत्या. आणि जिथं जगदेव दार धरून उभा होता, त्याच्या खेटराच्या ठशासमोर, दोन पावलं शेजारी शेजारी जुळलेली होती. त्याच्याकडे तोंड करून. ती बाकीच्यांपेक्षा खोल रुतली होती, बराच वेळ कोणी उभं राहावं तशी. मग तीही वळून गेली होती.

होळीच्या वाऱ्यात रस्त्यावरचं सगळं बुजलं. ती पावलं बुजली नाहीत. पुढं जगदेवनं गाव सोडलं तेव्हाही होती, असं शालिग्राम म्हणत असे.

जळकं दार मुनीमजींनी परत मिळवलं. रंधा मारून, पट्टी पूर्वीसारखी करून ते धनजच्या जीनला, बायांच्या दालनाला बसवलं. शालिग्रामनं नाही म्हटलं, म्हणून दुसऱ्या सुतारानं बसवलं. उद्या सकाळी तांड्यावरची मंडळी त्याच दारातून कामाला आत जाणार होती.

ते आत उघडतं. अजून कोणी फिरवलेलं नाही.